पंचगंगेची फूट सांगता, तसा वाऱ्याचा आकडाही सांगा

पावसाळ्यात कोल्हापुरात कुणालाही विचारा, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी किती, माणूस फूट-इंचात सांगतो. 39 म्हणजे इशारा, 43 म्हणजे धोका, हे शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे. नदीकाठच्या प्रयाग चिखली-आंबेवाडीच्या माणसाला 39 ऐकलं की जनावरं सोडायची वेळ झाली हे कळतं, त्याला वेगळं कुणी समजावून सांगावं लागत नाही. 2005 चा पूर बघितला, 2019 चा बघितला, 2021 चा बघितला, त्यामुळे रात्री दोनला उठून मोबाईलवर पातळी बघणारी माणसं घराघरात आहेत. हे का जमलं? आकडा रोज मिळतो, जवळच्या ठिकाणचा मिळतो, आणि कुठल्या आकड्याला काय करायचं ते आधीच ठरलेलं आहे, म्हणून जमलं. माझं म्हणणं एवढंच आहे की असाच एक आकडा आपल्याला हवेचा पाहिजे, औषध मारायच्या आधी बघायला, आणि तो द्यायची जबाबदारी कृषी खात्याने, साखर कारखान्यांनी आणि गावातल्या संस्थांनी मिळून घ्यायला पाहिजे. आज तो नाही आणि त्यामुळे शेजारच्या रानातलं औषध आपल्या पिकावर, वैरणीवर, विहिरीवर आणि माणसांवर येतंय.

हे मी पुस्तकातनं सांगत नाही. आमचं रान शिरोळच्या बाजूला, पंचगंगेपासून फार लांब नाही. दोन हिवाळ्यांपूर्वी वीस गुंठे टोमॅटो होता, मल्चिंग, ठिबक, तार-काठी सगळं करून, फुलं लागायला सुरुवात झालेली. एका सकाळी बघते तर शेंडे खाली वाकलेत, देठ पिळवटल्यासारखे, आणि आठवडाभरात नवीन येणारी पानं बारीक, लांबट, सुतळीसारखी, शिरा सगळ्या एकमेकींना चिकटून समांतर. सगळ्यांनी एकच निदान केलं, व्हायरस आला. दुकानातनं पांढऱ्या माशीचं औषध आणलं, एक फवारणी झाली, चार दिवसांनी दुसरी झाली, पैसे गेले ते गेलेच आणि दहा दिवसही गेले. मग कृषी महाविद्यालयात शिकलेल्या एका मैत्रिणीला पानाचा फोटो पाठवला तर ती म्हणाली पानाचा नको, सगळ्या प्लॉटचा पाठव, आणि मला सांग की रोग इकडं एक झाड तिकडं एक झाड असा विखुरलाय का एका बाजूनं सुरू होऊन दुसरीकडं कमी कमी होत गेलाय? मी बांधावर उभी राहून बघितलं. पूर्वेच्या चार सऱ्या पूर्ण गेलेल्या, मधल्या निम्म्या, पश्चिमेच्या शेवटच्या दोन सऱ्यांत झाडं ठणठणीत. व्हायरस असा ओळीनं येत नाही.

पूर्वेला एक रान सोडून पलीकडं भावकीतल्या काकांचा ऊस. सुरूची म्हणजे हिवाळ्यातली लावण, त्यात रुंद पानाचं तण माजलेलं, त्यांनी टू-फोर-डी हे तणनाशक मारलं होतं. मधल्या रानात गहू होता, त्याला काही झालं नव्हतं, आणि म्हणूनच आम्हाला तिकडचा संशय आला नाही. टू-फोर-डी गहू, ऊस, ज्वारी असल्या गवताच्या जातीच्या पिकांना फारसा त्रास देत नाही, रुंद पानाला धरतं, म्हणून तर ते उसात चालतं. ते गव्हावरनं गेलं आणि आमच्या टोमॅटोवर उतरलं. द्राक्ष, टोमॅटो, भेंडी, वाल, घेवडा, कापूस ही सगळी पिकं त्याला एवढी नाजूक आहेत की जे प्रमाण उसात तणालासुद्धा पुरं पडणार नाही तेवढ्यात यांची पानं वाकडी होतात. सांगलीकडच्या द्राक्षवाल्यांना हे चांगलं माहीत आहे, बागेशेजारी ऊस असला की त्यांची झोप उडते.

मी काकांकडे गेले, भांडायलाच गेले होते खरं तर. त्यांचं वाक्य मला अजून जसंच्या तसं आठवतं. "आगं, वारं सुटलं हुतं म्हणून मी तीन दिस थांबलो. त्या दिवशी पानसुद्धा हालत न्हवतं, धुकं हुतं, लवकर सहा-साडेसहालाच मारून घेतलं. वारं न्हाई म्हणून तर मारलं की!" काका खोटं बोलत नव्हते, काळजी घेतली होती त्यांनी, तीन दिवस थांबणं म्हणजे मजूर हातचे जाणं, तेवढं केलं त्यांनी. आणि नेमकी तीच काळजी चुकीच्या वेळेला घेऊन गेली. आमच्या दोन घरांत त्यानंतर पाडव्यापर्यंत बोलणं नव्हतं. माझा सगळा राग काकांवरनं उठून दुसरीकडं गेला तो त्यांच्या त्या एका वाक्यामुळे, कारण त्यांना खरं काय ते सांगणारं कुणीच नव्हतं.

खरं काय ते डिसेंबर-जानेवारीच्या संध्याकाळी कुठल्याही गुऱ्हाळाकडे बघा म्हणजे कळतं. दुपारी चिमणीतनं धूर निघतो तो वर जातो, फाटतो, विरून जातो. सूर्य कलला, आभाळ निरभ्र असलं, वारं पडलं की तोच धूर थोडा वर जातो आणि अचानक छताला डोकं लागल्यासारखा आडवा होतो, आणि मग उसाच्या शेंड्यांच्या थोडं वर पांढऱ्या चादरीसारखा पसरून हळूहळू ओढ्याच्या दिशेनं सरकत राहतो. सकाळी पुन्हा तेच, पाचट पेटवलेल्या रानाचा वास दोन गावं सोडून येतो, लांबच्या देवळातला भोंगा अगदी अंगणात लावल्यासारखा ऐकू येतो. हे आपण सगळ्यांनी बघितलंय आणि ऐकलंय, फक्त त्याचा फवारणीशी संबंध लावलेला नाही.

होतं असं, दिवसा जमीन तापते, जमिनीलगतची हवा तापून वर चढते, वरची गार हवा खाली येते, सगळी घुसळण चालू असते, त्यामुळे एखादा बारीक थेंब उडाला तरी तो त्या घुसळणीत पातळ होऊन जातो. रात्री जमीन झपाट्यानं गार होते, तिला चिकटलेली हवा पण गार आणि जड होते, तिच्यावर उबदार हवा झाकणासारखी बसते आणि घुसळण बंद पडते. शास्त्रात याला तापमानाचं व्युत्क्रमण म्हणतात, आपण आपलं उलटी हवा म्हणू. साधारण सूर्य मावळायच्या थोडं आधी ही बसायला लागते आणि सकाळी सूर्य उगवल्यावर तास-दोन तासांनी मोडते. या उलट्या हवेत उडालेला बारीक थेंब ना वर जाऊन विरतो ना खाली बसतो, दाटच्या दाट तसाच तरंगत राहतो आणि गार हवा उताराला जिकडं सरकेल तिकडं जातो, माळावरनं नदीकाठच्या मळीच्या रानात, मळीतनं नदीकडं. वाऱ्यात उडालेलं औषध बांधाच्या पलीकडच्या दोन-चार सऱ्या खराब करतं, ते दिसतं, भांडण तिथंच होतं. उलट्या हवेतलं औषध किलोमीटरभर लांब कुठं उतरलं ते मारणाऱ्यालाही कळत नाही आणि ज्याच्यावर उतरलं त्यालाही.

थेंबाचा हिशोब पण समजून घेण्यासारखा आहे. 100 मायक्रॉनचा थेंब, म्हणजे साधारण आपल्या केसाच्या जाडीचा, 3 मीटरवरनं खाली यायला 10-11 सेकंद घेतो, ताशी 10 किलोमीटरचं वारं असलं तर तेवढ्यात तो 30 मीटर सरकतो. 20 मायक्रॉनचा थेंब तेवढंच अंतर उतरायला चार मिनिटं घेतो, आणि त्याच वाऱ्यात तो अर्ध्या किलोमीटरच्या पुढे गेलेला असतो. 400 मायक्रॉनचा मात्र दोन सेकंदात खाली. आता आपल्याकडे फवारणीवाल्याला पैसे पंपावर मिळतात, जितके पंप जास्त तितकी मजुरी, त्यामुळे प्रेशर फुल आणि धुरळा जितका बारीक तितकी फवारणी चांगली अशी समजूत. कीटकनाशकाचाच नोझल, त्याच पंपाला, त्यातनंच तणनाशक. तणनाशकाला मोठा थेंब पाहिजे, त्याचा नोझल वेगळा येतो, किंमत एखाद्या चहा-वड्याएवढी असेल, पण तो बदलणारा माणूस मला आमच्या शिवारात अजून सापडायचा आहे.

आणि आपल्या जिल्ह्याची हवा वर्षभर सारखी नसते, हे शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. गगनबावड्याला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस आणि त्याच जिल्ह्यात शिरोळला पाचशेच्या आसपास, दोन्हीकडचा वारा एक कसा असेल? जून ते सप्टेंबर सह्याद्रीकडनं पश्चिमेचं वारं जोरात असतं, आभाळ झाकलेलं, तेव्हा उलटी हवा फारशी बसत नाही, पण सोयाबीनवर फवारायला उघडीप मिळते तेव्हा वारं एवढं असतं की निम्मं औषध शेजारी जातं. एप्रिल-मेमध्ये दुपारी हवा इतकी तापलेली आणि कोरडी की थेंब पानावर बसायच्या आधीच आटून बारीक होतो आणि उडतो, आणि संध्याकाळी वळवाचं वारं कुठल्या दिशेनं येईल ते कुणाला सांगता येत नाही. सगळ्यात फसवे महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आभाळ स्वच्छ, रात्र गार, सकाळ शांत, आणि सुरूची लावण, खोडवा, पूर्वहंगामी ऊस या सगळ्यांत तणनाशक मारायचा हंगाम पण साधारण हाच. भांगलायला बायका मिळत नाहीत, मिळाल्या तर मजुरी परवडत नाही, म्हणून तणनाशक वाढत चाललंय. ते वापरणाऱ्यांना मी दोष देत नाही, आमच्या उसातही वापरतो. पण मग त्याची वेळ ओळखायचं साधन पण सोबत पाहिजे ना.

हे साधन जगात कुठं आहे का? आहे. ऑस्ट्रेलियात अगदी हाच प्रश्न, तोच टू-फोर-डी, फक्त ऊस-टोमॅटोच्या जागी पडीक रानातलं तण आणि शेजारचा कापूस, द्राक्षबागा. तिथल्या नियामक संस्थेनं 2018 मध्ये टू-फोर-डीच्या लेबलवरचे नियम कडक केले, थेंब मोठाच पाहिजे, उलट्या हवेत मारायचं नाही. पण शेतकऱ्याला उलटी हवा ओळखू कशी यावी? म्हणून तिथल्या धान्य आणि कापूस संशोधन संस्थांनी न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलँडच्या धान्य-कापसाच्या पट्ट्यात वॅन्ड नावाचं सुमारे 100 टॉवरचं जाळं उभं केलं, हवा वर आणि खाली दोन्हीकडे मोजणारं, दर काही मिनिटांनी मोबाईलवर सांगणारं की आत्ता तुमच्या भागात धोक्याची उलटी हवा आहे की नाही आणि पुढच्या काही तासांत काय होईल. त्याआधी दक्षिण ऑस्ट्रेलियात चाळीसेक केंद्रांचं जाळं 2019 पासून चालू आहे. अमेरिकेत नॉर्थ डकोटा, मिझुरी या राज्यांत विद्यापीठांची हवामान केंद्रं दोन-तीन उंचीवरचं तापमान मोजून उलट्या हवेची सूचना देतात. तिथं 2017 मध्ये डायकांबा नावाचं तणनाशक उडून 36 लाख एकराच्या आसपास सोयाबीन खराब झाल्याचा विद्यापीठाचा अंदाज होता, शेजाऱ्या-शेजाऱ्यांत कोर्टकचेऱ्या झाल्या. त्यांचीही शेतं जळाल्यावरच जाग आली. आपण तेवढी वाट बघायची का, हा माझा प्रश्न आहे.

आपल्याकडे काहीच नाही असंही नाही, आणि याचंच मला जास्त वाईट वाटतं. 2017 पासून राज्यात महावेध प्रकल्प आहे, महसूल मंडळाला एक याप्रमाणे 2,000 हून जास्त स्वयंचलित हवामान केंद्रं, पाऊस, तापमान, आर्द्रता, वाऱ्याचा वेग आणि दिशा सगळं मोजतात. केंद्र सरकारची 2023 ची विंड्स योजना आहे, तालुका आणि ग्रामपंचायत पातळीपर्यंत केंद्रं आणि पर्जन्यमापक न्यायचे म्हणून. म्हणजे खांब आहे, सोलर आहे, सिमकार्ड आहे. पण हा सगळा संसार प्रामुख्याने पीक विम्यासाठी मांडलाय. विम्याला लागतो दिवसाचा पाऊस, कमाल-किमान तापमान. फवारणीला लागतं या क्षणाचं वारं, त्याची दिशा, आणि वर-खालच्या तापमानातला फरक. एकाच उंचीवर तापमान मोजणाऱ्या केंद्राला उलटी हवा दिसतच नाही. शिवाय राज्याचं क्षेत्रफळ 3 लाख 7 हजार चौरस किलोमीटर, भागून बघा, एका केंद्राच्या वाट्याला सरासरी दीडशे चौरस किलोमीटर येतात. आमच्या मंडळाचं केंद्र गावापासून लांब, उंचवट्यावर. तिथल्या माळावर वारं असतं तेव्हा आमच्या नदीकाठी पान हालत नसतं.

मग करायचं काय? सगळ्या राज्यात एकदम नको. पंचगंगा आणि कृष्णेच्या काठचा पट्टा घ्या, करवीर, हातकणंगले, शिरोळ. जिथं ऊस आणि भाजीपाला बांधाला बांध लावून आहे तिथं आधी. या पट्ट्यातल्या ठरावीक केंद्रांवर 10 मीटरचा खांब करा, एक तापमापक खाली दीड-दोन मीटरवर, एक वर टोकाला. वरची हवा खालच्या हवेपेक्षा गरम झाली की झाकण बसलं. हे वाटतं तेवढं सोपं नाही हे पण सांगते, फरक कधीकधी अर्ध्या-एक डिग्रीचा असतो, त्यामुळे दोन्ही मापकं एकमेकांशी जुळवून घेतलेली पाहिजेत, उन्हापासून नीट झाकलेली पाहिजेत, नाहीतर चुकीचा आकडा देणारं केंद्र हे नसलेल्या केंद्रापेक्षा वाईट. म्हणून हे काम ठेकेदाराला खांब रोवून बिल काढायला देऊन होणार नाही, तिथं शेंडा पार्कचं कृषी संशोधन केंद्र, तळसंदे आणि कणेरीची कृषी विज्ञान केंद्रं यांनी पहिला हिवाळाभर बसून तपासणी करायला पाहिजे. कुठल्या ओढ्यात गार हवा आधी साठते, कुठल्या गावात झाकण कधी मोडतं, हे त्याशिवाय कळायचं नाही.

जागा आणि देखभालीला आपल्या जिल्ह्यात कुणी कमी नाही. साखर कारखान्यांचे शेतकी विभाग आहेत, गट ऑफिसं आहेत, प्रत्येक गावात चिटबॉय आहे ज्याच्याकडे कुणाची लावण कधीची आणि कुठल्या गटात याची नोंद असते. सहकारी पाणीपुरवठा संस्थांची जॅकवेल, म्हणजे नदीचं पाणी उचलायच्या विहिरी, नदीकाठीच आहेत, तिथं वॉचमन आहे, लाईट आहे. खांबावर गांधीलमाशीचं पोळं झालंय का, सोलरवर धूळ बसलीय का, हे बघायला पुण्या-मुंबईहून माणूस यायची गरज नाही. या जिल्ह्यानं लिफ्ट इरिगेशनच्या संस्था स्वतःच्या वर्गणीतनं उभ्या केल्यात, एक खांब सांभाळणं त्यापुढं काहीच नाही.

आणि आकडा पोचवायचा कसा, तर माझ्या मते सगळ्यात चांगली जागा दूध संस्था. अॅप करा, जरूर करा, पण काका अॅप उघडणार नाहीत, आणि फवारणीचा निर्णय काका घेतात. दूध घालायला गावातलं प्रत्येक घर सकाळ-संध्याकाळ तिथं येतं, आणि तीच वेळ उलट्या हवेची. दुधाची फॅट-एसएनएफ मोजायच्या मशीनशेजारी एक फळा नाहीतर छोटा डिस्प्ले. ताशी 3 किलोमीटरच्या खाली वारं, थांबा. 3 ते 15, मारायला हरकत नाही, पण वारं कुठं चाललंय ते बघा, तिकडं भाजी, तुती, पानमळा, शाळा, गोठा असेल तर थांबा. 15 च्या वर, थांबा. झाकण बसलंय, तर वारं कितीही दाखवलं तरी थांबा. त्यासोबत हवेच्या कोरडेपणाचा एक आकडा, कोरड्या आणि ओल्या तापमापकातला फरक, 2 ते 8 डिग्रीमध्ये चांगला, 10 च्या वर गेला की थेंब आटतो. एवढंच लिहायचं आणि शेवटी एक ओळ, "आज फवारणी 9 नंतर". ही शेवटची ओळच महत्त्वाची. 39 आणि 43 लोकांच्या डोक्यात बसले तसे 3 आणि 15 दोन हंगामांत बसतील याची मला खात्री आहे.

ड्रोनचा विषय मात्र वेगळा आणि तातडीचा आहे. मोठ्या उसात माणूस शिरू शकत नाही तिथं ड्रोन उपयोगाचा आहे, मी विरोधात नाही. केंद्र सरकारनं 2023 मध्ये नमो ड्रोन दीदी योजना मंजूर केली, 15,000 महिला बचत गटांना ड्रोन, 1,261 कोटींची तरतूद, बायकांच्या हातात तंत्र आणि कमाई येत असेल तर मला आनंदच आहे. पण बघा, पाठीवरच्या पंपानं एकराला दीडशे-दोनशे लिटर पाणी जातं, ड्रोननं 10 लिटरच्या आसपास, म्हणजे औषध त्यात कितीतरी पट दाट, थेंब बारीक, आणि ते पिकाच्या दोन-तीन मीटर वरनं पडतं. वर सांगितलेला थेंबाचा हिशोब इथं अगदी तसाच लागू होतो. पाठीवरच्या पंपाच्या चुकीला आमचे टोमॅटो गेले, ड्रोनच्या चुकीला आख्खं शिवार जाऊ शकतं. आणि त्या दीदीवर ही जबाबदारी टाकताना तिच्या हातात काय दिलंय? शेतकरी म्हणतो ताई आजच मारा, कारखान्याचा माणूस म्हणतो आज इतके एकर झालेच पाहिजेत, आणि ती एकटी वाऱ्याकडं बघत उभी. तिला "आत्ता नाही" म्हणायला आधार लागतो, केंद्रावरचा आकडा हा तो आधार आहे. म्हणून माझं स्पष्ट मत, ड्रोनला आणि ठेक्यानं फवारणी करणाऱ्यांना हा आकडा पहिल्या दिवसापासून बंधनकारक करा, प्रत्येक उड्डाणाच्या नोंदीत त्या वेळचं जवळच्या केंद्राचं वारं आणि झाकणाची स्थिती आपोआप चढली पाहिजे. पाच-दहा गुंठेवाल्या शेतकऱ्याला मात्र निदान पहिली काही वर्षं नुसतं सांगा, दंड-बिंड नको.

याच्यावर लोक काय म्हणतात ते मला माहीत आहे, कारण मी घरातच ऐकलंय. माझा भाऊच म्हणतो, नऊनंतर मारा म्हणतेस, मजूर सातला येतो आणि अकराला दुसऱ्याच्या रानात जातो, ऊन चढल्यावर तोंडाला फडकं बांधून पाठीवर वीस लिटर घेऊन तू फिरून दाखव. हे अगदी बरोबर आहे. यवतमाळला 2017 मध्ये फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, डोक्याएवढी वाढलेली कपाशी, उकाडा, अंगावर येणारा फवारा, ते विसरून मी दुपारी फवारा म्हणणार नाही. पण हिवाळ्यात झाकण मोडल्यापासून ऊन तापेपर्यंत दोन-तीन तास चांगले मिळतात, आणि नेमके कुठले ते रोज वेगळे असतात, म्हणून तर मोजायचं. आज मजूर सातला येतो कारण सात चुकीची वेळ आहे हे त्यालाही माहीत नाही आणि मालकालाही. आणि उडालेलं औषध सगळ्यात आधी त्याच्याच नाकात जातं हे त्याला कळलं तर तो स्वतःच वेळ बदलून मागेल असं मला वाटतं.

दुसरं म्हणतात की नोंदी ठेवल्या की शेतकरीच अडकणार. उलट आज अडकतोय. आमचं नुकसान झालं तेव्हा मी एका ऑफिसात गेले, तिथं सांगितलं बियाणं बोगस असतं तर पंचनामा केला असता, शेजाऱ्याच्या औषधाचा आमच्याकडे फॉर्म नाही. पीक विमा टाळता येण्यासारख्या नुकसानीला मिळत नाही. म्हणजे ज्याचं गेलं त्याला काही नाही, आणि ज्यानं मारलं त्याला आपण वेळ बघून मारलं हे सिद्ध करायला पण काही नाही, उरतं ते बांधावरचं भांडण. केंद्राची नोंद सगळ्यांना खुली असती तर काकांनी दाखवली असती, मी बघितली असती, आणि तीन महिन्यांचा अबोला कदाचित झाला नसता. नोंद खुली हा शब्द मी मुद्दाम वापरतेय, विम्याच्या वेळी केंद्राचे आकडे एक आणि रानातला पाऊस दुसरा असं लोकांनी खूप भोगलंय, इथं आकडा ज्या क्षणी मोजला त्या क्षणी गावाला दिसला पाहिजे, नाहीतर कुणी विश्वास ठेवणार नाही.

केंद्रं बसवली म्हणजे सगळं मिटलं असं मी म्हणत नाही. टू-फोर-डीचा इथाइल इस्टर हा प्रकार फवारून झाल्यावरही उन्हानं वाफ होऊन उठतो आणि जातो, मारताना वेळ किती का चांगली असेना, त्याला कुठलंच केंद्र थांबवू शकत नाही. भाजीपाला आणि बागांच्या पट्ट्यात तो विकूच नये, तिथं अमाईन नाहीतर सोडियम सॉल्टवाला प्रकार द्यावा, हे दुकानदारांच्या पातळीवर ठरायला पाहिजे. नोझलचं वर सांगितलंच. पण नोझल, औषधाचा प्रकार, प्रेशर या गोष्टी माणूस ठरवून बदलू शकतो, दिसतात त्या. झाकण बसलेली हवा डोळ्याला दिसत नाही, उलट ती सगळ्यात शांत आणि छान सकाळ वाटते, म्हणून तिच्यासाठी यंत्र पाहिजे.

काका आता फवारणीच्या आदल्या दिवशी फोन करतात. "वारं कसं हाय बघून सांग गं." मी संध्याकाळी आणि पुन्हा सकाळी गच्चीवर जाते आणि पाणंदीच्या पलीकडच्या गुऱ्हाळाचा धूर बघते. आडवा पसरला असेल तर म्हणते थांबा, वर चढून फाटायला लागला की म्हणते आता मारा. मागच्या हिवाळ्यात त्यांनी दोनदा थांबून साडेनऊनंतर मारलं, आमच्या मिरचीला काही झालं नाही. पण ते गुऱ्हाळ फेब्रुवारीतच थंड झालं, आणि त्यांच्या खोडव्यातलं तणनाशक त्याच्यानंतर होतं.